मशेरीचे बोट

१९७४ च्या मार्च महिन्यात, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चाळीत, विड्या वळणाऱ्या एका बाईने आपल्या वर्षाच्या मुलीचे दात मशेरीने घासले. मुलीला वरचे चार आणि खालचे दोन असे सहाच दात होते. थोड्याच वेळात ती ओकली, तिचा चेहरा पांढरा पडला, तोंडातून लाळ गळू लागली आणि तिने आईच्या मांडीवर मान टाकली. हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

दात घासायला दातांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. कशाने घासायचे हे त्यांनी सांगितले नव्हते.

मी समोरच्या खोलीत राहत होतो. दैनिकात रात्रपाळी असल्यामुळे सकाळी घरी असे. आमच्या खोल्यांपुढे एकच लांब पडवी होती आणि चाळीतल्या बहुतेक बायका दिवसभर तिथेच बसून विड्या वळत. खाली जे लिहिले आहे ते बहुतेक त्या पडवीत आणि महापालिकेच्या दवाखान्यातल्या बाकावर पाहिलेले, ऐकलेले आहे. जे दुसऱ्याकडून कळले ते तसे म्हटले आहे.

त्या सकाळी पडवीत आधी उन्हाचे नाव निघाले. कुणी कांदा फोडून मुलीच्या नाकाशी धरला. मुलीची आजी, म्हणजे आईची सासू, मंद्रूपकडची, घरात निम्मे मराठी आणि निम्मे कानडी बोलणारी. तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कुणालाच ठसका लागला नाही, तेव्हा दृष्ट पक्की ठरली.

"कुणाची लागली म्हणायची?" एका बाईने विचारले.

"दात मोजत बसलेल्यांची," आजी म्हणाली. "परवा सगळ्याजणी तोंड उघडून उघडून बघत हुत्या की."

आईने मुलीच्या तोंडाची लाळ पुसली. मग म्हणाली, "आत्याबाई, दृष्ट न्हाई. मी दात घासले तिचे."

"कशानं?"

"कशानं म्हंजे? मशेरीनं."

"किती?"

"बोटभर."

"बोटभर! अगं बया, मी म्हातारी चिमटीत धरती ती!"

मी टांगा आणला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुलीचे तोंड आतून पुसून काढले, नाडी पाहिली आणि समोरच्या बाकावर, आपल्याला दिसेल असे बसायला सांगितले. तंबाखू भाजून केलेली पूड एवढ्या लहान जिवाच्या तोंडात गेली तर काय होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. दुसरे वाक्य ऐकून आईने पदर तोंडाशी धरला. दुपारी मुलीने डोळे उघडले आणि ती रडली. डॉक्टर म्हणाले, "रडतेय ना, आता ने घरी. पाणी पाज."

आई अडाणी किंवा निष्काळजी होती असे या प्रसंगावरून वाटण्याचा संभव आहे. तसे नव्हते. चाळीतल्या दुसऱ्या कोणत्याही बाईने वर्षाच्या मुलीच्या दातांचा विचारही केला नसता. दुधाचे दात, ते पडायचेच, असे सगळ्या म्हणत. तिने विचार केला, कारण तिची थोरली मुलगी.

थोरली तेव्हा पाच वर्षांची होती. तिचे वरचे पुढचे दात नव्हते. पडायच्या वयाच्या बरेच आधी ते गेले होते. आधी पिवळे झाले, मग हिरडीपाशी खचले, मग काळे खुंट राहिले. त्याचे कारण चाळीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि कुणालाच ते कारण वाटत नव्हते.

विडी वळायला दोन्ही हात लागतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. पान ओलसर असेपर्यंतच वळते. मूल रडले की हात थांबतात, पाने वाळतात, आणि कारखान्यात माल तपासणारा चेकर कच्च्या विड्या बाजूला काढून टाकतो. म्हणून मुलाला बोळा देत. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुळाचा खडा ठेवायचा, विडीच्याच दोऱ्याने गाठ मारायची, पाण्यात बुडवून मुलाच्या तोंडात द्यायचा. मूल चोखत राही, चोखता चोखता झोपे, आणि बोळा झोपेतही तोंडातच राही. गूळ विरघळला की दुसरा खडा. पडवीत अशी दोन-तीन मुले तरी नेहमी शेजारी शेजारी झोपलेली असत, ओठांतून फडक्याची शेपटी बाहेर आलेली.

थोरलीने हा बोळा तीन वर्षांची होईपर्यंत चोखला. आदल्या दिवाळीत तिचा गाल सुजला. सूज डोळ्यापर्यंत गेली, ताप चढला, तिने खाणे सोडले. दातांचे डॉक्टर आठवड्यातून एक दिवस महापालिकेच्या दवाखान्यात येत. त्यांनी पू काढला, मग सूज उतरल्यावर खुंट काढले. त्या वेळी बापाने मुलीचे पाय धरले होते आणि आईने डोके. बाप यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या करी. तो परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर रक्त होते.

तेव्हा डॉक्टर आईला जे म्हणाले ते तिने मला पुढे सांगितले. ते म्हणाले होते, "हिचे गेले. मांडीवरचीचे वाचवायचे असतील तर आत्तापासून. पहिला दात आला की रोज साफ करायचा."

तिने ते मनावर घेतले. घरात दात साफ करायची वस्तू एकच होती. जुन्या मलमाच्या डबीत सासूची मशेरी. सासू सकाळ-संध्याकाळ लावी, चाळीतल्या सगळ्या बायका लावत. पुरुष राखुंडीने नाहीतर कडुलिंबाच्या काडीने दात घासत. वर्षाच्या पोराच्या तोंडात काडी कशी घालणार? राख खरखरीत. मशेरी बारीक. शिवाय दात येताना हिरड्या शिवशिवल्या की आज्या पोरांच्या हिरडीला मशेरीचे बोट नुसते टेकवीतच असत. आईने थोडे अधिक नेटाने केले, एवढाच फरक.

दवाखान्यातून आल्यावर सासूने निकाल दिला.

"आजपासून पोरीच्या तोंडाला हात लावायचा न्हाई. तू बी न्हाई, तुजा डाक्टर बी न्हाई."

"आत्याबाई, चूक माजी झाली. दातांची काय चूक?"

"दात! आमी नऊ पोरं वाढवली. कुणाचे दात घासले हुते? सुम्नीर."

गप्प बस, असा त्या कानडी शब्दाचा अर्थ. नवऱ्याला विचारावे तर तो म्हणाला, "आई म्हणती तसं कर काय दिवस." धाकटीचा गुळाचा बोळा होताच, तो तसाच चालू राहिला.

पण पुढच्या आठवड्यात आई थोरलीला दाखवायचे म्हणून दवाखान्यात निघाली, आणि धाकटीला कडेवर घेतले. मला म्हणाली, "भाऊ, तुमी चला. मला नीट सांगता येणार न्हाई." मी गेलो, पण मला काही सांगावे लागले नाही.

दातांचे डॉक्टर चाळिशीच्या आतले होते, सावकाश बोलणारे. त्यांनी थोरलीची हिरडी पाहिली, ठीक म्हणाले. मग आईने मशेरीची गोष्ट सांगितली. काही लपवले नाही. किती लावली हेही सांगितले. 

"कशानं साफ करायचे ते मी सांगितलंच नव्हतं, नाही का?" डॉक्टर म्हणाले.

"न्हाई."

"तुम्ही विचारलं का नाही?"

"दात कशानं घासतेत ते काय इचारायचं, सायेब?"

बाहेर रांगेतली एक म्हातारी हसली. डॉक्टरही हसले. मग त्यांनी समोर दुसरे स्टूल ओढले आणि आईच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसले. मुलीचे पाय आईच्या कमरेशी, डोके डॉक्टरांच्या मांडीवर. अशी निजवली की मुलीला आईचा चेहरा दिसत होता आणि डॉक्टरांना मुलीचे तोंड. त्यांनी मुलीच्या तोंडातला बोळा काढून आईकडे दिला, स्वच्छ फडक्याचा तुकडा पाण्यात भिजवून पिळला, बोटाला गुंडाळला आणि दातांवरून फिरवला. पुढून, मागून, हिरडीच्या कडेने. मुलगी रडली. रडताना तोंड उघडे राहिले, ते सोयीचेच झाले.

"एवढंच. पूड नको, राख नको, मीठ नको. भिजलेलं फडकं. रात्री झोपायच्या आधी तर चुकवायचंच नाही."

मग त्यांनी वरचा ओठ उचलला आणि हात तसाच धरून म्हणाले, "हे बघा."

दाताच्या मुळाशी, हिरडीला लागून, चुन्याच्या बोटाने ओढल्यासारखी एक पांढरी रेघ होती. चारही दातांवर.

"हिच्या बहिणीचे दात इथूनच सुरू झाले असणार. ही रेघ अजून पक्की नाही. इथं थांबू शकते. पण बोळा थांबला तर. दात पुसले आणि वर गूळ दिला, तर पुसून उपयोग नाही."

आईने वाकून रेघ पाहिली. मग विचारले, "थांबली की जाती का?"

"पुसली जाईलच असं नाही सांगत. पुढं सरकणार नाही."

परत येताना ती टांग्यात बसली नाही, चालू म्हणाली. वाटेत एकदाच बोलली: "गुळाविना ही झोपायची न्हाई, आन् ही झोपल्याबिगर माज्या विड्या व्हायच्या न्हाईत. डाक्टरला ते कुटं ठावं?" डॉक्टरांना ते ठाऊक होते की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी विचारले नव्हते.

तिने त्याच दिवशी बोळ्यातला गूळ काढला. नुसते ओले फडके गाठ मारून दिले. मुलीने ते एकदा चोखले आणि फेकून दिले. मग ती रडू लागली. दुपारभर रडली, दुसऱ्या दिवशीही रडली. पडवीतल्या बायकांनी आधी कीव केली, मग कंटाळल्या.

"दे की गं खडा. एका खड्यानं काय हुतंय?"

"पेपरवाल्या भाऊंची झोप मोडली बघ."

"डाक्टरीण झालीया बाई आमची."

माझी झोप मोडत होती हे खरे आहे. आईच्या विड्याही कमी होत होत्या आणि ज्या होत्या त्या ढिल्या. चेकरने त्यातल्या बऱ्याच काढून टाकल्या. ती कारखान्यातून घरी आली तेव्हा सासूने नातीला गुळाचा बोळा दिलेला होता आणि मुलगी शांत झोपली होती. सून उंबऱ्यात उभी राहिली, मग खाली बसून सूप मांडीवर घेतले. सासू म्हणाली, "पोटाचं बघावं आधी. दात मागनं." 

अडचण आणखी एक होती, आणि ती मला उशिरा समजली. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांना तंबाखूचा कडवटपणा धुऊनही राहतो. आईने फडके गुंडाळून बोट तोंडाजवळ नेले की मुलगी मान फिरवी. त्या सकाळची आठवण तिला असेल की नाही कोण जाणे, पण वास ओळखत होती. घरात तंबाखूत हात न घालणारी एकच बाई होती. सासूला जवळचे दिसेनासे झाल्यापासून तिने विड्या सोडल्या होत्या. ती स्वयंपाक करी आणि मुली सांभाळी. म्हणजे हे काम झाले तर सासूच्याच हाताने होणार होते, आणि सासूने नाही म्हटले होते.

हे तसेच काही दिवस चालले. रात्री सून दात पुसायचा प्रयत्न करी, दिवसा सासू बोळा देई.

एका दुपारी मी पडवीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. समोरची खोली उघडी होती. सासू जेवायला बसली होती. तिला दाढा उरल्या नव्हत्या. ती ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून, बोटांनी मऊ करून खाई. थोरली नात तिच्याच ताटात जेवी, कारण पुढच्या दातांशिवाय तिला भाकरी तोडता येत नव्हती. आजी एक घास स्वतः खाई, एक नातीला भरवी. थोरलीचा गाल सुजला तेव्हापासून हे असेच चालले होते. गल्लीतली पोरे थोरलीला बोळकी म्हणत, आणि आजी त्यांच्यामागे लाटणे घेऊन धावे.

सुनेने भाकरीची टोपली आणून ठेवली. धाकटी कडेवर होती, तोंडात बोळा. सून उभीच राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "जरा ज्यादा कुस्करता का?"

"का? तुला हवं?"

"मला न्हाई. हिचं बी आत्ताच ह्याच ताटात वाढायला सुरू करू म्हणलं. पुढं तिगींनी एका ताटात बसायचंच हाय की."

हे तिने मोठ्याने म्हटले नाही. सासूने हात ताटातच ठेवला. थोरली म्हणाली, "आज्जी, घास दे." सासूने तिला घास दिला. स्वतः पुढे जेवली नाही. ताट बाजूला सारले आणि हात धुऊन बाहेर पडवीत येऊन बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सुनेचं तोंड बघितलं का, पेपरवाले? छापा तुमच्या पेपरात."

त्या दिवशी दुसरे काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी रडू लागली तेव्हा आजीने बोळा आणला नाही. तिने मुलीला खांद्यावर टाकले आणि पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली, कानडीत काहीतरी पुटपुटत. ऊन फार होते. ती दमली की भिंतीला टेकून उभी राही, मुलगी पुन्हा रडू लागली की पुन्हा चाले. शेवटी मुलगी झोपली. बायकांपैकी कुणीतरी म्हणाले, "आत्याबाई, गूळ संपला वाटतं घरातला." आजी म्हणाली, "तुमच्या जिभेवरचा संपला."

फडक्याचे काम तिने दोन दिवसांनी हाती घेतले. त्याआधी वाद झाला, तो हाताचा.

"तुमचं बोट मशेरीचं," सून म्हणाली.

"धुती की."

"धुऊन वास जातो व्हय? माज्या हाताचा गेला का?"

सासूने उजवा हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मशेरी ती तर्जनीने लावी. त्या बोटाचे नख काळे पडले होते. डावा हात तोंडाला लावायचा नाही, हे तर कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. तिने थोडा विचार केला आणि उजव्या हाताची करंगळी ताठ केली.

"ही बघ. हिनं आजवर काय बी काम केलं न्हाई."

त्यानंतर रोज सकाळी आणि दिवे लागल्यावर आजी आणि आई पडवीत समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसत. मुलीचे पाय आईकडे, डोके आजीच्या मांडीवर. आजीला रेघ दिसत नव्हती, ती हिरडीच्या कडेने अंदाजाने फडके फिरवी, आणि आई वरून सांगे, "जरा डावीकडं. अजून. मागं राहिलं." आजी म्हणे, "मला शिकवू नगं." मुलगी आधी रडे, मग करंगळी चावू लागली. आजी ओरडे आणि हसे. मशेरी आजीने सोडली नाही. फक्त नातीचे दात पुसून झाल्याशिवाय ती डबी उघडीनाशी झाली.

दिवसाचा बोळा एकदम गेला नाही. आजी थकली, पाहुणे आले, आईला माल वेळेवर द्यायचा असला की तो परत येई, आणि मग त्या दिवशी फडके दोनदा फिरे. रात्रीचा मात्र बंद झाला. पावसाळ्यात मुलगी आजीशेजारी बसून, हातात धरलेला भाकरीचा मोठा पापुद्रा स्वतः कुरतडू लागली. त्या सुमारास पडवीतल्या आणखी एका बाईने आपल्या मुलासाठी फडके मागून नेले. बाकीच्यांनी नेले नाही.

डॉक्टरांकडे आई अधूनमधून जात राहिली. एकदा डॉक्टर गैरहजर होते, एकदा रांग संपली नाही. पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर, मुलगी दोन वर्षांची होत आली तेव्हा, सासू पहिल्यांदा बरोबर आली. मीही होतो. स्टुलावर सासूच बसली आणि मुलीला तिने स्वतःच निजवले. मुलीने सवयीने तोंड उघडले.

डॉक्टरांनी ओठ वर उचलला, दात कोरडे केले आणि आरसा धरला. नव्या आलेल्या दाढा पाहिल्या. त्यांवर काही नव्हते. वरचे पुढचे चारही दात जागेवर होते. तीन दातांवरची रेघ फिकट झाली होती. चौथ्यावरची तपकिरी पडली होती.  डॉक्टरांनी टोकदार सळई घेतली, तिचे टोक त्या तपकिरी रेघेवर ठेवले आणि हलकेच दाबून पाहिले. रेघ टणक होती, टोक रुतले नाही. "रंग राहील, पण थांबली आहे," ते म्हणाले.